चंद्राबाईच्या डाव्या गालातली पेशी

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. जुनी म्हणजे निम्मी जुनी. ते कसं, ते पुढे सांगेनच. माझं सगळं आयुष्य रेवदंड्याच्या चंद्राबाईच्या तोंडात गेलं. डावा गाल आणि खालची हिरडी यांच्यामध्ये एक खोबण असते. जीभ फिरवून बघा, तुम्हालाही सापडेल. तिथे, अगदी तळाच्या थरात माझं घर होतं. सध्या मात्र माझा मुक्काम एका काचेच्या पट्टीवर आहे. मला गुलाबी आणि जांभळा रंग दिला आहे. जिवंत होते तेव्हा कुणी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि आता मेल्यावर हा नट्टापट्टा! असो.

तुम्ही म्हणाल, पेशीला ना डोळे ना कान, हिला एवढं सगळं कळलं कसं? अहो, चंद्राबाईच्या तोंडात राहायचं आणि ऐकू येणार नाही? ती बाजारात टोपली मांडून बसली आणि "ये गो ताय, सुके बोंबील बघ!" अशी हाक तिने मारली की जबड्याचं हाड थरथरायचं, आणि आमची अख्खी आळी हलायची. खाडीपलीकडच्या माणसालासुद्धा ऐकू जावा असा तो खणखणीत आवाज होता. त्या आवाजावर तिचं घर चाललं होतं, आणि आम्हाला त्याचा फार अभिमान होता. कोण काय बोललं ते मला हाडातून समजायचं आणि कोण काय खातंय ते चवीवरून. आमच्या आळीला एवढं पुरे होतं.

माझं काम काय होतं ते सांगते. तोंडाचं अस्तर फार लवकर झिजतं. गरम चहा, भाकरीचे कोपरे, माशाचे काटे, सगळा मारा त्याच्यावर. वरच्या थरातल्या पेशी झिजून सुटतात आणि पोटात जातात. त्यांची जागा भरायला तळाच्या पेशींनी दुभंगायचं, एकीच्या दोन व्हायचं. त्यातली एक तळाशी राहते, दुसरी हळूहळू वर सरकते आणि एके दिवशी चहाच्या घोटाबरोबर निघून जाते. माझ्या कितीतरी लेकी अशा गेल्या. आमच्यात कुणी रडत बसत नाही. नव्या पेशी आल्या नसत्या तर चंद्राबाईचा गाल आतून सोलून निघाला असता.

पण मित्रांनो, दोन व्हायचं म्हणजे कलिंगड कापायचं काम नव्हे. प्रत्येक पेशीच्या पोटात सेहेचाळीस धागे असतात. त्यांना डीएनए म्हणतात. ते सगळे उलगडून एकापुढे एक ठेवले तर मोठ्या माणसाच्या उंचीहून लांब भरतील, आणि ते राहतात कुठे, तर सुईच्या टोकाहून लहान जागेत. त्यांच्यावर अब्जावधी अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं: कोणता पदार्थ कसा बनवायचा, कधी वाढायचं, कधी थांबायचं आणि कधी मरायचं.

आता समजा, दोन भाऊ वेगळे झाले आणि त्यांनी भांडून घरची होडी मधोमध करवतीने कापली. निम्मी तुला, निम्मी मला. काय होईल? दोघेही बंदरातच बुडतील. पेशीचंही तसंच आहे. धागे निम्मे निम्मे वाटून घेतले तर दोन्ही लेकी अर्ध्या माहितीवर जगायला निघतील आणि पुरा दिवसही टिकणार नाहीत. म्हणून वेगळं व्हायच्या आधी सगळ्या धाग्यांची दुसरी प्रत तयार करावी लागते. एकही अक्षर न गाळता, न बदलता. मगच घर वेगळं करायचं. हा आमचा नियम फार जुना आहे. समुद्रातल्या पहिल्या इवल्याशा जिवांपासून तो चालत आला आहे.

आणि ही प्रत करायची रीतही बघण्यासारखी असते. चंद्राबाई वाळूत रोवलेल्या बांबूंच्या दोऱ्यांवर बोंबील टांगायची ते तुम्ही पाहिलं असेल. एकटा बोंबील दोरीवर राहत नाही, घसरून पडतो. म्हणून दोन घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी टांगायची. आमची अक्षरंही अशीच जोडीने राहतात. अक्षरं चारच, ए, टी, जी आणि सी. ए असला की समोर टी, जी असला की समोर सी. दुसऱ्या कुणाशी त्यांचं जमत नाही.

प्रत करायची वेळ झाली की एक कामकरी पुढे येतो आणि जोड्या सोडवत जातो. दुहेरी धागा उसवतो आणि त्याचे दोन एकेरी धागे होतात. मागून दुसरे कामकरी येतात. ते प्रत्येक सुट्या अक्षरापुढे त्याचा ठरलेला जोडीदार आणून बसवतात. एवढा लांब धागा एका टोकाकडून करत बसलो तर महिना सरेल, म्हणून हजारो ठिकाणी एकदम काम सुरू होतं. शेवटी एकाचे दोन दुहेरी धागे तयार होतात, आणि प्रत्येकात एक पदर जुना असतो, एक नवा. म्हणून म्हटलं, मी निम्मी जुनी. माझ्या अंगात माझ्या आईचा पदर होता, तिच्यात तिच्या आईचा होता. कुणालाच पूर्ण नवं आयुष्य मिळत नाही, आणि पूर्ण जुनंही कुणी राहत नाही.

चुका होत नाहीत का? होतात. कामकरीच ते, हात चुकणारच. पण चुकीचं अक्षर बसलं की तो तिथेच थबकतो, एक पाऊल मागे येतो, ते उपटतो आणि बरोबर बसवतो. त्यातूनही काही सुटलं तर दुरुस्तीवाले मागून येतात. आणि सगळ्यांवर एक पहारेकरी असतो. धाग्याला इजा दिसली की तो दटावतो, "थांबा! आधी दुरुस्ती, मग नक्कल." दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर तो त्या पेशीला मरायला सांगतो. ती मुकाट्याने आवरासावर करते आणि जाते. ऐकायला क्रूर वाटतं, पण या पहारेकऱ्यामुळेच चंद्राबाई इतकी वर्षं धडधाकट होती.

आमच्या आळीत सुखाचे दिवस होते ते इथवर.

चंद्राबाईला पहिलं बाळंतपण आलं तेव्हा तिच्या आईने तिच्या तळहातावर चिमूटभर काळी पूड ठेवली. मशेरी. तंबाखू तव्यावर जळेपर्यंत भाजायची, कुटायची, आणि बोटाने दातांना, हिरड्यांना चोळायची. आईने तिच्या आईचं बघून लावली होती, तिने आणखी कुणाचं. "पोट साफ होतं, दात पक्के राहतात," असं सांगितलं, आणि चंद्राबाईने ऐकलं. पहिल्या दिवशी तिला गरगरलं. मग सवय झाली. मग मशेरी नसली की डोकं चढायला लागलं.

सकाळी शेजारची भागुबाई तवा उतरवायची आणि पडवीतून हाक द्यायची.

"गो चंदरे! ये, ताजी हाय. हात पुढं कर."

"आन हिकडं. तुझ्या हातची असली की सकाळ झाल्यासारकी वाटते मना."

मग दोघी दाराशी बसायच्या, तोंडात बोट घालून गावभरच्या गोष्टी करायच्या. भागुबाईने दिलेली चिमूट परत करणं म्हणजे तिची मैत्री परत करणं. तसं कुणी केलं नाही. पूड मात्र चोळून झाल्यावर जाऊन बसायची ती आमच्या खोबणीत. ती आम्हाला भाजायची. तिच्यातलं विष पाण्यासारखं आत झिरपायचं आणि थेट धाग्यांपर्यंत पोचून अक्षरांना चिकटायचं. दुरुस्तीवाले धावपळ करायचे, खरवडायचे, उपटायचे, नवं बसवायचे. रात्री सगळं नीट केलं की सकाळी पुन्हा ताजी चिमूट हजर! काय करणार बिचारे?

मित्रांनो, माझी एक सख्खी बहीण होती. एकाच आईच्या आम्ही दोघी, भिंतीला भिंत लावून राहायचो. तिच्या एका धाग्यावर एका जीला ते विष चिकटलं. नक्कल करणारा कामकरी तिथे आला, त्याला अक्षर नीट वाचता येईना. समोर सी बसायचा, त्याने बसवला ए. ती जोडी वाकडी होती, तेव्हाच कुणी पाहिली असती तर सुधारली असती. पण त्या दिवशी दुरुस्तीवाले आधीच थकलेले होते. पुढच्या खेपेला बहीण पुन्हा दुभंगायला निघाली. कामकऱ्याने त्या चुकीच्या एपुढे नियमाप्रमाणे इमानाने टी बसवला. झालं! आता दोन्ही पदर एकमेकांना जुळले. तपासणारा आला आणि म्हणाला, "सगळं बरोबर आहे." चूक आता चूक म्हणून दिसतच नव्हती. तिथून पुढे प्रत्येक लेकीला ती आईचा वारसा म्हणून मिळणार होती. आमच्या कामाचं हे मोठं दुःख आहे. आम्ही जितक्या इमानाने बरोबर ते उतरवतो, तितक्याच इमानाने चूकही उतरवतो.

तेवढ्या एका चुकीने काही बिघडलं नसतं. पण वर्षं गेली, चिमटी चालूच राहिल्या आणि बहिणीच्या वंशात चुकांवर चुका साचल्या. त्यातली एक नेमकी पहारेकरी कसा बनवायचा ते लिहिलेल्या अक्षरांत झाली. पहारेकरी आंधळा झाला. मग "थांबा" म्हणणारं कुणी उरलं नाही. माझ्या भाच्या दुभंगत सुटल्या. नक्कल धड होवो न होवो, धागे तुटोत, कशाचीही फिकीर नाही. जागा पुरेना तेव्हा त्यांनी आम्हाला रेटलं, तळाची भिंत फोडली आणि खाली मांसात उतरल्या. मी ओरडून सांगणार कुणाला? पेशीला हाक मारता येत नाही. आम्ही फक्त दुखू शकतो, आणि सुरुवातीला तर तेही नाही.

आधी तिथे पांढरट चट्टा आला. मग त्यात एक फोड झाला. फोड फुटला आणि भरेना.

आता चंद्राबाईने काय केलं ऐका. फोड चुरचुरायला लागला की ती त्यावरच मशेरी दाबायची! मशेरीने जागा बधिर होते ना. दाढ दुखली तर मशेरी, हिरडी सुजली तर मशेरी, तिच्या आईनेही तेच केलं होतं. जे जाळत होतं तेच तिला औषध वाटत होतं. भागुबाईला कळलं तेव्हा ती जीव तोडून जास्त खरपूस भाजून आणायला लागली. मैत्रिणीला बरं वाटावं म्हणून हो! माझ्या आयुष्यात मला इतका राग कधी आला नव्हता, आणि राग धरावा असं समोर कुणी नव्हतं.

घरात पहिल्यांदा लक्ष गेलं ते सुनेचं. जागृती तिचं नाव. मुलगा विनेश होडीवर असायचा, आठवडा आठवडा समुद्रात. सासू-सून दोघीच जेवायला बसायच्या.

"आई, तुमी डाव्या बाजूनं चावत न्हाय. काय झालंय?"

"काय न्हाय झालं. काटा लागला असंल."

"काटा लागून दिवाळी झाली, शिमगा आला. तोंड उघडा, बघू दे मना."

"चल गो! सुनंनं सासूच्या तोंडात डोकं घालायचं? लोकं काय बोलतील?"

"लोकांना तोंडातलं कुटं दिसतंय?"

चंद्राबाई हसली, पण तोंड काही उघडलं नाही. मला आतून ओरडावंसं वाटत होतं, उघड गं बाई, एकदा उघड. तिला भीती होती, मित्रांनो. तिला मनातून कळलं होतं की हा काटा नव्हे. पण वाळवणीचे दिवस होते, दोऱ्यांवर बोंबील होते, आणि मोठ्या दवाखान्यात गेलेलं माणूस परत येत नाही अशी तिची समजूत होती. जागृती रोज विचारायची. रोज तोच नकार. तोवर भाच्यांनी आणखी मांस खाल्लं, आणि त्यातल्या काही वाट काढत मानेकडे गेल्या.

मग एक दिवस बाजारात चंद्राबाईने हाक मारायला तोंड उघडलं आणि ते पुरतं उघडेचना. "ये गो ताय" यातलं "ये"च तेवढं बाहेर आलं, तेही घोगरं. गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडे गेलं. चंद्राबाईने त्या दिवशी पुन्हा हाक मारलीच नाही. इतकी वर्षं मी त्या तोंडात काढली, पण अशी शांतता कधी अनुभवली नव्हती. घरी आल्यावर तिने टोपली खाली ठेवली, दारातल्या उजेडात बसली आणि म्हणाली, "जागृते, बघ."

जागृतीने बघितलं. तिने चप्पल घातली आणि रिक्षा बोलवायला गेली.

अलिबागच्या डॉक्टरांनी बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर आलं, कॅन्सर. मुंबईला न्यायचं ठरलं, गाल आणि जबड्याचा थोडा भाग काढायचा ठरला. "आजी, आधी आला असतात तर एवढं कापावं लागलं नसतं," डॉक्टर म्हणाले. "आवाज पहिल्यासारखा राहील असं सांगू शकत नाही." जीव वाचेल का, हे जागृतीने विचारलं. त्यावर ते म्हणाले, मानेतल्या गाठीही काढू, मग कळेल.

निघायच्या दिवशी सकाळी भागुबाई आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. चंद्राबाईच्या हातात तिने कागदाची एक पुडी कोंबली.

"ताजी हाय. तिकडं मुंबईत अशी मिळायची न्हाय तुला. डाक्टरला दावू नको."

पुडीचा वास आमच्यापर्यंत आला. चंद्राबाईच्या तोंडाला पाणी सुटलं, खरं सांगते. सवय अशी सुटत नाही. तिने पुडी घेतली. पण तिचं बोट वर आलं नाही.

"भागू," ती अडखळत म्हणाली, "तोंड उघड."

"आँ? माझा कशाला?"

"उघड बोलते ना."

"खुळी का काय तू! जायच्या टायमाला..."

"भागू. तुझ्या पाया पडते. उघड."

भागुबाईने हसतच तोंड उघडलं असणार, कारण तिचं हसू मधेच थांबलं. चंद्राबाईने तिचा गाल बोटाने बाजूला ओढला असेल, उजेडाकडे वळवला असेल. मला दिसत नव्हतं. मला एवढंच कळलं की चंद्राबाईचा जबडा घट्ट मिटला, दुखत असूनही. मग ती दाराकडे वळून म्हणाली,

"जागृते, रिक्षात आनखी एकीला जागा हाय का?"

पुडी तिथेच पडवीत पडून राहिली. दोघी मैत्रिणी एकमेकींना टेकून अलिबागपर्यंत बसल्या. भागुबाईला तिथे डॉक्टरांपाशी उतरवलं. तिचा नुसता पांढरा चट्टा होता, फोड अजून झाला नव्हता. तिची वेळ गेलेली नव्हती, असं डॉक्टर म्हणाल्याचं जागृतीने पुढच्या प्रवासात दोनदा सांगितलं.

माझी गोष्ट आता संपत आली. शस्त्रक्रियेत रोगाबरोबर भोवतालची थोडी चांगली जागाही काढतात, काही मागे राहू नये म्हणून. त्या चांगल्या काठावर मी होते. माझा काही दोष नव्हता, पण मला जावं लागलं. मेणात बसवून माझी पातळ चकती कापली, रंग दिला आणि काचेवर ठेवलं. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई भिंगातून वाकून बघत बघत माझ्यापर्यंत आल्या (भिंगातून त्यांना मी दिसले, तशा मलाही त्या दिसल्या) आणि म्हणाल्या, "कडा साफ आहे." ती कडा म्हणजे मी. आयुष्यात माझं एवढंच कौतुक झालं. मग त्यांनी मला बाजूला सारलं आणि मानेच्या गाठीची काच घेतली. ती त्यांनी फार वेळ पाहिली. मग चष्मा काढला आणि डोळे चोळले. काय दिसलं ते त्या बोलल्या नाहीत, आणि मला विचारता आलं नाही.

मित्रांनो, आम्ही पेशी फार आज्ञाधारक असतो. पुढ्यात येईल ते उतरवून काढतो. चांगलं आलं तर चांगलं, जळकं आलं तर जळकं. ते चुकीचं आहे हे आमच्यापेक्षा तुम्हाला आधी दिसू शकतं. तुमच्याकडे आरसा आहे, दारातला उजेड आहे, आणि "तोंड उघड" असं सांगणारं कुणीतरी घरात असतं. त्या माणसाला काटा लागला म्हणून सांगू नका. तोंड उघडा.

आणि एक मागणं आहे. कधी रेवदंड्याला गेलात तर बाजारात जरा थांबून ऐका. एखादी हाक बोबडी येईल, अडखळत येईल, पण "ये गो ताय" अशीच येईल. ती आली तर जवळ जा आणि त्या बाईला सांगा, तुझ्या गालातली एक पेशी शेवटपर्यंत एकही अक्षर चुकली नाही. हाक आलीच नाही, तर शेजारच्या टोपलीशी भागुबाई बसली असेल. तिला सांगितलंत तरी चालेल.